पाइप फोडला तर पाच वर्षं, पाणी नासवलं तर सहा महिने : नागपूरहून मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय यांस,
सादर नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. पाणीपुरवठा एकाकडे, नगरविकास दुसऱ्याकडे, पोलीस तिसऱ्याकडे, कायद्याचे मसुदे चौथ्याकडे. ज्या टेबलापाशी गेले तिथे मला पुढच्या टेबलाचा पत्ता मिळाला. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांना हे पत्र आपलं वाटेल त्यांनी ते आपलं समजावं. कुणालाच वाटणार नाही, याचीही मनाची तयारी आहे.

आधी आनंदाची बातमी. आमच्या गल्लीच्या तोंडावरचं गाड्या धुण्याचं सेंटर गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. नवा फ्लेक्स, झेंडूच्या माळा, डीजे. फीत कापायला जे पुढारी आले त्यांनीच सप्टेंबरात त्याच रस्त्यावर उभं राहून, कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगितलं होतं, "पिण्याच्या पाण्यात घाण कालवणाऱ्याला सोडणार नाही. याच हिवाळी अधिवेशनात कडक कायदा आणू." अधिवेशन नागपुरात आलं, आठवडाभर शहराला रंगरंगोटी झाली, अधिवेशन गेलं. कायदा तर सोडाच, साधा प्रश्नही कुणी विचारल्याचं वाचलं नाही. ते माझ्या दारावरूनच गेले, नमस्कारही केला. मीसुद्धा केला. संस्कार आड येतात.

मी पूर्व नागपुरात मेस चालवते. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून शिकायला आलेली पोट्टी दोन्ही वेळ माझ्याकडे जेवतात. पाण्याशी माझा संबंध तुमच्याहून जरा जास्त येतो.

या सेंटरवाल्याने काय केलं ते सांगते. रस्त्याखालून जाणाऱ्या मोठ्या लाइनला त्याने रातोरात भोक पाडलं, त्यात पाइप खुपसला, सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि पाइपाचं दुसरं टोक थेट मोटारीला जोडलं. टिल्लू पंप आमच्याकडे घरोघरी लपवलेले आहेत, ही मोटार त्याच्या चौपट ताकदीची. खोदताना शेजारची सांडपाण्याची गडरलाइन फुटली. ती त्याने बुजवली नाही. त्याचं स्वतःचं सांडपाणी त्यातच सोडायचं होतं, उलट सोय झाली. सकाळी नळ येतो तोवर लाइनमध्ये दाब असतो. नळ गेला की लाइन रिकामी, आणि ह्याची मोटार चालूच. रिकामी लाइन ओढली की मिळेल ते आत घेते. भोकातून, ट्यूबच्या फटीतून गडरचं पाणी आत शिरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गुंडात आलं. हे सगळं मला खड्ड्यात उतरलेल्या फिटरने समजावलं. साहेब गाडीतून उतरले नव्हते.

चोवीस तास पाणी देण्याचं कारणही म्हणे हेच होतं. लाइनमध्ये दाब कायम राहिला तर बाहेरची घाण आत शिरत नाही. नागपुरात २०१२ पासून २५ वर्षांचा तसा करार झाला, देशभर गाजावाजा झाला. निम्म्याहून जास्त मुदत सरली. आमच्या नळाला अजून सकाळचा एक तास. उरलेले तेवीस तास लाइन तोंड उघडून पडलेली. फिटर म्हणतो, शंभरातली वीस-पंचवीस कनेक्शनं अशीच ट्यूब गुंडाळलेली आहेत. तो दहा वाढवून सांगत असेल असं धरा. उरतात तीही आमचं पोट बिघडवायला पुरेशी आहेत.

पाण्याला वास यायला लागला तेव्हा गल्लीतल्या बायांनी तक्रार केली. उत्तर आलं, "नळ पाच मिनिटं सोडून ठेवा, मग भरा." नळच तासाभराचा. तरी सोडला. मग मोबाइलवर संदेश आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, लिहिलं तर नोटीस मलाच येईल. तशी ती आलीच आहे, पुढे सांगते.

माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना संपत आलेला. आधी मळमळ, म्हटलं पित्त असेल. मग डोळे पिवळे. दवाखान्यात रक्त तपासलं, हिपॅटायटिस ई निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ही कावीळ एरवी महिनाभरात बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी वाचत नाहीत. आणि ती येते कुठून? मैला मिसळलेल्या पाण्यातून. म्हणजे माझ्या हातून, माझ्या स्वयंपाकघरातून, मी आग्रहाने पाजलेल्या पाण्यातून.

ती वाचली. बाळ वेळेआधी झालं आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. नातीला मी आधी काचेतूनच पाहिलं. भिशी मोडली, जावयाने कर्ज काढलं, मेसच्या पोट्ट्यांनी भरलेलं डिपॉझिटसुद्धा बिलात गेलं आणि ते परत करताना माझी काय गत झाली ते मलाच माहीत. विहीणबाई चांगल्या आहेत, एक शब्द बोलल्या नाहीत. पण बारशाला आमच्याकडे आल्या तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि जाईपर्यंत तेवढ्याच बाटलीतून घोट घोट प्यायल्या. मी ग्लास पुढे केला होता. तो तसाच भरलेला परत आत नेला. मंत्रीमहोदय, दंडाची रक्कम ठरवताना अशा गोष्टी कुठल्या रकान्यात धरतात?

आता नोटिशीचं. मेसमधली चार-पाच पोट्टी आजारी पडली तेव्हा चौकशी करायला माणसं आली. कुठे? माझ्या मेसमध्ये. माझ्या पिंपातल्या पाण्याचा नमुना घेतला, तो पिण्यास अयोग्य ठरला आणि अयोग्य पाणी वापरल्याबद्दल खुलासा करावा म्हणून कागद मला आला. गल्लीभर तेच पाणी, लाइन तुमची, भोक त्याचं, खुलासा माझा. गडचिरोलीच्या एका पोट्ट्याच्या बापाने फोनवर विचारलं, "ताई, तुमच्या भरवशावर ठेवलं होतं न त्याले?" मी काय सांगू? लाइनचा दाब सांगू?

मग पोलीस. ठाण्यात गेले तर तिथल्या साहेबांनी नवं पुस्तक उघडलं. भारतीय न्याय संहिता, कलम २७९. सार्वजनिक झरा किंवा जलाशय यातलं पाणी घाण करणं. वाचून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "ताई, इथं जलाशय कुठाय?" आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात दिली. माझ्याकडे जेवणारा वकिलीच्या शेवटच्या वर्षाचा पोट्टा सोबत होता. तो म्हणाला, साहेब, हा गुन्हा दखलपात्र आहे, एनसी कशी होईल? त्याला आधी त्याचं नाव, गाव आणि कॉलेज विचारण्यात आलं. गुन्हा नोंदला गेला तो पुढारी कॅमेरा घेऊन आल्यावर. त्याच दिवशी जामीनही झाला. सेंटरवाला बाहेर येऊन म्हणाला, "मी तर पाणी घेतलं. टाकलं काहीच नाही."

त्या दिवसापासून तो वकिलीचा पोट्टा आणि मी रात्री भांडी आवरल्यावर कायदा वाचतो. पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे करावं लागावं अशी तुमची व्यवस्था आहे, म्हणून काय सापडलं ते तुम्हीही ऐका.

१८६० सालच्या इंग्रजांच्या दंडविधानात कलम २७७ होतं. पाणी घाण करणाऱ्याला तीन महिने किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. तेव्हा नळ नव्हता, आड आणि तळी होती, म्हणून झरा आणि जलाशय लिहिलं. मग आपलं राज्य आलं. १ जुलै २०२४ ला गुलामीच्या खुणा पुसून नवा कायदा आला. त्यात काय? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. झरा आणि जलाशय जागच्या जागी. नळाची लाइन, टाकी, व्हॉल्व्ह यांचं नावही नाही. माझ्या लेकीच्या एका दिवसाच्या काचपेटीचं भाडं या दंडाहून जास्त होतं.

त्याच पुस्तकात कलम ३२६ आहे. खोडसाळपणाने पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे माझं पाणी कुणी तोडलं तर पाच वर्षं, आणि पाणी चालू ठेवून त्यात गडर सोडला तर सहा महिने. १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा पाहा. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेचं नुकसान केलं तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी. तिथे पाइपाची किंमत आहे. २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५, वीज चोरली किंवा मीटरमध्ये छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत, वर विशेष न्यायालयं. आकडा टाकणाऱ्याला पकडायला भरारी पथक येतं. पाइप सरकारचा, वीज कंपनीची, म्हणून त्यांना वाली आहे. पाणी पिणारी बाई कुणाची मालमत्ता आहे? कुणाचीच नाही, म्हणून सहा महिने. तेही झाले तर.

पोट्ट्याने अमेरिकेचा कायदा काढून दाखवला. तिथे सुरक्षित पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात सार्वजनिक पाणीपुरवठ्याशी छेडछाड हा वेगळाच गुन्हा आहे. माणसांना इजा करण्याच्या हेतूने पाण्यात काही मिसळलं किंवा यंत्रणेत ढवळाढवळ केली तर वीस वर्षांपर्यंत कैद. प्रयत्न केला किंवा नुसती धमकी दिली तरी दहा वर्षं. २००१ च्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये त्यांनी ही शिक्षा वाढवली. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात सरकार. तो म्हणाला, "काकू, पण तिथंही इजा करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. आपला सेंटरवाला तिथंही सुटला असता." मला राग आला. हेतू नव्हता म्हणून माझ्या लेकीचं लिव्हर कमी सुजलं का? आपण लाइन फोडतोय, शेजारी गडर फुटलाय, खाली वस्ती आहे, हे डोळ्यांना दिसत असताना मोटार चालू ठेवणारा माणूस हेतू नसल्याचं कसं सांगतो? आणि तिथल्या फ्लिंट शहरात २०१४ पासून शिसं मिसळलेलं पाणी लोकांना पाजलं गेलं, अधिकाऱ्यांवर खटलेही भरले, पुढे ते तांत्रिक मुद्द्यावर बारगळले. म्हणजे खुर्चीला कायदा लावायचा म्हटलं की तिथेही हात थरथरतात. तुम्ही एकटे नाही, एवढा दिलासा घ्या.

आमची गल्ली म्हणजे जगबुडी नव्हे, मान्य. पण नजर टाकाल तिथे हेच आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले, पाण्याकडे बोट गेलं. वर्ष संपता संपता इंदूरच्या भागीरथपुऱ्यात शौचालयाची घाण मुख्य जलवाहिनीत शिरली, माणसं दगावली. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ते. मेलेल्यांच्या आकड्यावरून भांडण झालं. आमच्याकडे जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला आणि राख कोलार, कन्हान नद्यांत गेली. कन्हान म्हणजे नागपूरच्या मोठ्या भागाच्या तोंडातलं पाणी. राखेच्या बातम्या वाचल्या, बेड्यांच्या वाचल्या नाहीत. वर २०२४ मध्ये केंद्राने जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांचा तुरुंगवासच काढून टाकला, दहा हजार ते पंधरा लाख दंड ठेवला. उद्योग करणं सोपं व्हावं म्हणून. मेस चालवणंही उद्योगच आहे, साहेब.

आम्ही दीक्षाभूमीच्या गावचे लोक. पाण्याचं राजकारण आम्हाला नव्याने शिकवू नका. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, तर ते बाटलं म्हणून शेण-गोमूत्राचे १०८ घडे त्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. सार्वजनिक पाण्यात राजरोस घाण ओतली आणि त्याला विधी म्हटलं. तळ्यावरचा हक्क हायकोर्टातून मिळायला १९३७ उजाडलं. २०२२ च्या डिसेंबरात तमिळनाडूत वेंगैवयलला दलित वस्तीच्या टाकीत मैला सापडला. आरोपपत्र यायला २०२५ चा जानेवारी लागला, आणि आरोपी म्हणून त्याच वस्तीतली पोरं दाखवली. अॅट्रॉसिटी कायद्यात निदान दलित-आदिवासींचं पाणी नासवण्याला सहा महिने ते पाच वर्षं आहेत. तो कायदा कुणाच्या कृपेने आला नाही, ज्यांनी ते पाणी गिळलं त्यांनी भांडून आणला. मग आता सगळ्यांच्या नळासाठी पुन्हा तेवढंच भांडायचं का?

मागणं थोडंच आहे, राग जास्त आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, राज्य त्यात दुरुस्ती करू शकतं. जुन्या दंडविधानात अन्नभेसळीचं कलम होतं, २७२. त्याची शिक्षा उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालने आपापल्या राज्यात जन्मठेपेपर्यंत नेली. तुमच्या विधिमंडळाने मनावर घेतलं तर पाणीपुरवठ्याची लाइन, टाकी, व्हॉल्व्ह आणि त्यालगतची गडरलाइन फोडणं हा महाराष्ट्रात वेगळा गुन्हा होऊ शकतो. त्यात हेतूच्या आड लपणाऱ्या बेफिकिरीलाही शिक्षा हवी, किमान शिक्षा हवी, आणि दवाखान्याचं बिल गुन्हेगाराकडून वसूल होऊन रुग्णाच्या हाती पडायला हवं. वास येत असल्याची तक्रार 'निकाली' काढणारा कर्मचारी आणि त्याच्यावरचा साहेब, दोघेही त्याच कलमात हवेत. नाहीतर पुढच्या वेळी फिटर जाईल आत. आणि आमच्या चौकात क्लोरीनचा रोजचा आकडा खडूने लिहा. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पाण्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, शाळेतलं पोरगंही सांगेल. आमच्या गल्लीत ती बाटली घेऊन कुणी फिरकलं असेल तर मला भेटवा, चहा पाजते. उकळलेल्या पाण्याचा.

हे सगळं कुणाला सांगायचं, हाही प्रश्नच होता. २०२२ च्या मार्चपासून शहराला नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. प्रशासकाच्या दारात कुणी मतं मागायला येत नाही आणि आपणही हिशेब मागायला जाऊ शकत नाही. आता निवडणुका झाल्या, विजयाच्या मिरवणुका आमच्या गल्लीतून गेल्या, त्यातल्या एका मिरवणुकीच्या गाड्या धुऊन कुठून निघाल्या ते मी सांगायची गरज नाही. १९५३ च्या नागपूर कराराने आम्हाला वर्षातून एकदा सरकार पाहायला मिळतं. ते येतं, त्याच्या टेबलावर सीलबंद बाटल्या मांडलेल्या असतात, मोर्चे अडवले जातात, हुरडा पार्टी होते आणि आठवड्यात सामान बांधून निघून जातं. एकदा, फक्त एकदा, विधानभवनातल्या प्रत्येक टेबलावर आमच्या गल्लीतलं सकाळच्या नळाचं पाणी ठेवा. विधेयक त्याच दिवशी एकमताने मंजूर होईल.

तो पुढारी परवा माझ्या मेसमध्ये डोकावून म्हणाला, "काकू, विषय डोक्यात आहे, मार्चच्या अधिवेशनात बघू." मी विचारलं, ते मुंबईत असतं न? म्हणाला, हो.

आपली,
गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोट्ट्यांना जेवू घालणारी एक मेसवाली,
पूर्व नागपूर

ता. क. – आमच्या भागातल्या पाण्याच्या तपासणीचे गेल्या वर्षाचे अहवाल मिळावेत म्हणून माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला आहे. एरवी मुदत ३० दिवसांची, पण माणसाच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. पिण्याचं पाणी जीविताशी संबंधित आहे की नाही, याबाबत वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं आहे, असं मला तोंडी कळवण्यात आलं.